उंची चालवून घेणारी माणसं

कंपनीचे साहेब मला बघायला आले त्या रविवारी आईने कांदेपोहे केले होते. ‘बघायला’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण त्या दिवशी आमच्या खोलीत जे झालं त्याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही. ते आले होते बास्केटबॉलची खेळाडू बघायला. आमच्या घरच्यांना मात्र माणसं मुलगी बघायला आली की काय करायचं असतं एवढंच माहीत होतं, आणि त्यांनी ते सगळं केलं.

आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहायचो. बाबा आधी गिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, मग ते खाली एका सोसायटीत वॉचमन झाले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. कॉलेजात गेल्यावर काय करायचं असतं हे घरात कोणालाच सांगता येत नव्हतं, मलाही विचारता येत नव्हतं, म्हणून सांगते. शाळेत मी खो-खो खेळायचे. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात मला वऱ्हांड्यात थांबवलं, वर बघितलं आणि हातात बास्केटबॉल दिला. मी किती चपळ आहे, मला खेळ कळतो का, काही विचारलं नाही. फक्त वर बघितलं.

खो-खोत एकदा एका दिशेने पळायला लागलं की मागे वळता येत नाही, खांबाला वळसा घालूनच परत यायचं. ही सवय माझ्या पायांत इतकी मुरली होती की पहिले कितीतरी दिवस बॉल मागे गेला तरी मी वळायचे नाही; बास्केटच्या खांबाला वळसा घालून यायचे. मुली पोट धरून हसायच्या. हळूहळू वळायला शिकले. मग मात्र हा खेळ मला असा आवडला की काय सांगू. बाहेर सगळीकडे मी अंग चोरून चालायचे. बास्केटखाली उडी मारून, हात पूर्ण वर ताणून बॉल काढायचा असतो, आणि तिथे कोणी ‘वाकून चल’ म्हणत नाही.

घरी माझ्या उंचीबद्दल दुखण्याबद्दल बोलावं तसं बोलत. भांडुपची आत्या यायची तेव्हा पायापासून डोक्यापर्यंत बघून उसासा टाकायची. “वाकान चल गो. चेडवान एवढा ताठ चलाचा नसता.” तिच्या मालवणीत चेडू म्हणजे मुलगी. आईने मला सपाट चपलाच घेतल्या, आणि चाळीत फोटो काढायची वेळ आली की मला पायरीखाली उभं करत.

तर कंपनी. मुलुंडला हमरस्त्यावर एक मोठा कारखाना होता, तिथली मुलींची बास्केटबॉलची टीम दोन-तीन वर्षांची होती आणि तिला उंच मुलगी हवी होती. दुसऱ्या कंपन्यांच्या टीम होत्या म्हणून यांनीही काढलेली. आमच्या क्रीडाशिक्षकांनी माझं नाव सांगितलं. मला ती नोकरी किती हवी होती हे इथेच सांगून टाकते. कॉलेजात आहे तोवर खेळणं चालून जात होतं. बी.ए. झालं की बॉल बंद होणार, हे घरात कोणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. पण खेळ हीच नोकरी झाली, आणि ती पर्मनंट झाली, की मग कोण बंद करणार? माझं सगळं डोकं त्या एका शब्दाभोवती फिरत होतं.

वेल्फेअर ऑफिसर आले. सफारी, मनगटावर सोनेरी घड्याळ, डोंगर चढून आल्यामुळे धापा. बरोबर त्यांच्या ऑफिसातला एक माणूस. आत्याने मला स्वतःची साडी नेसवली होती. ती घोट्याच्या वर येत होती म्हणून मला आधीच चटईवर बसवून ठेवलेलं. “काय झाला तरी उभी रव नको,” आत्या कानाशी पुटपुटली. मी म्हटलं, “आत्या, ते नोकरीसाठी आलेत.” ती म्हणाली, “आलेत ना? मग गप बस.”

साहेबांनी पोहे घेतले, आमच्या खोलीचा पत्रा बघितला आणि बाबांना विचारलं, “उंची किती मुलीची?”

आता बाबांकडून जे झालं ते त्यांनी ठरवून केलं नाही, याची मला खात्री आहे. उंची विचारली की काय सांगायचं हे त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. ते साहेबांशी बोलायच्या शुद्ध मराठीत म्हणाले, “पाच-चार असेल. बसली की जरा जास्त वाटते.”

साहेबांनी बशी खाली ठेवली. “पाच-चार?” ते बरोबरच्या माणसाला म्हणाले, “काय रे, तू तर म्हणालास विजेच्या खांबासारखी आहे. पाच-चारच्या पोरी माझ्याकडे टायपिंगला आहेत. त्यासाठी हा डोंगर चढवलास मला?” आणि ते उठायला लागले.

मी उभी राहिले. कपडे वाळत घालायची दोरी माझ्या कपाळाला लागली, बाबांचा शर्ट तोंडावर आला. आत्याने डोळे मिटून घेतले. “पाच-नऊ,” मी म्हटलं.

साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्या कानापर्यंत आले. मग ते मोठ्याने हसले. “अहो, पाच इंच कुठे लपवून ठेवले होते?” बाबाही हसले. दारात जमलेली चाळ हसली. साहेबांनी मला तळहात पसरून दाखवायला लावला. मुलीला काही आजारपण? चष्मा? पळताना दम लागतो का? प्रत्येक प्रश्न बाबांना, मला एकही नाही. स्वयंपाक येतो का, एवढंच विचारायचं राहिलं. जाताना पोह्यांची आणखी एक बशी संपवून म्हणाले, “कळवतो.” मुलाकडचेही हेच म्हणतात. आई तर त्यांच्या पाया पडायला निघाली होती, मीच हात धरला.

नोकरी लागली, टेंपररी. कंपनीच्याच टपाल खात्यात टेबल मिळालं. आमच्या टीममधल्या बहुतेक मुली टेंपररी होत्या आणि तसं ठेवण्यात एक पद्धत होती. दिवाळीनंतर सामने सुरू व्हायचे, उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत चालायचे. कोर्ट सिमेंटचं, उघड्यावरचं. पावसात त्यावर शेवाळ धरायचं आणि खेळ बंद. तेव्हा आम्हाला ‘ब्रेक’ द्यायचे. म्हणजे घरी बसा, नोकरी तुटली. पाऊस संपला की पुन्हा नवी टेंपररी. सलग नोकरी झाली तर पर्मनंट करावं लागेल, म्हणून हा खंड. छत्र्या पावसाळ्यात काढतात आणि नंतर माळ्यावर टाकतात. आम्हाला उलटं, पावसाळ्यात माळ्यावर टाकायचे. घरी बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, “तिला रजा दिली कंपनीने, भरपगारी.” भरपगारी!

कोर्ट कारखान्याच्या आवारात होतं, आणि सकाळी त्यावर मालाच्या लॉऱ्या उभ्या असायच्या. आम्ही आधी ड्रायव्हरांना उठवायचो, लॉऱ्या काढायला लावायचो, मग ऑइलच्या डागांवर माती टाकून खेळायचो. वेल्फेअर साहेबांना हे माहीत होतं. त्यांनी एकदाही एक लॉरी हलवली नाही. वार्षिक समारंभात मात्र ते ‘माझ्या पोरी’ म्हणून आम्हाला स्टेजवर उभं करायचे, डायरेक्टरांच्या बायका फुलं द्यायच्या, आणि प्रत्येक बाई मला फूल देताना तेच म्हणायची, “अगंबाई, किती उंच!” जणू मी ते त्याच दिवशी सकाळी केलं होतं.

साहेबांना खेळातलं काहीही कळत नव्हतं. माणसाला न कळणं हा गुन्हा नाही, मला तर कितीतरी गोष्टी कळत नाहीत. पण ते रेषेवर उभे राहून ओरडायचे. “तू उंच आहेस ना? मग तिला कशाला देतेस? तूच टाक!” पास दिला की त्यांना वाटायचं मी काम दुसरीवर ढकललं. आमची कॅप्टन बोरिवलीची ख्रिस्ती मुलगी, आमच्यातली एकटीच पर्मनंट. ती दात आवळून म्हणायची, “लंबू, त्याच्याकडे बघू नको गं. त्याला ऑफिसच वाटतं हे. आपलं टेबल आपण सांभाळायचं.”

“मी ऐकतच नाही त्याचं.”

“ऐकू नको, पण मान हलव. मी दोन वर्षं मान हलवली यार, तेव्हा कुठे पर्मनंट झाले.”

मी मान हलवायला शिकले. पहिल्या वर्षी आम्ही लवकर हरलो. दुसऱ्या वर्षी सेमीफायनलला गेलो. अंधेरीच्या एका चर्चच्या शाळेच्या कोर्टवर ती मॅच होती, भोवती माणसं बसलेली, पोरं भिंतीवर. त्यातला एक जण माझ्या चड्डीबद्दल काहीतरी बोलला आणि सगळी भिंत हसली. पुढच्याच रिबाउंडला, रिंगला लागून परत आलेला बॉल पकडायला, मी इतक्या वर गेले की मला रिंगची जाळी बोटांना लागलेली आठवते. भिंत गप्प झाली. हे लोक असेच. कौतुक करायचं तर आधी तोंड बंद व्हावं लागतं त्यांचं.

तिसऱ्या वर्षी आम्ही फायनल जिंकली. मी तोवर बी.ए. झाले होते, कशीबशी, टपाल खात्याच्या टेबलाखाली पुस्तक ठेवून. फायनलनंतर चार दिवसांनी कॅप्टन माझ्या टेबलापाशी आली. “तुझं नाव आहे पर्मनंटला. पण तुझ्या वडिलांना बोलावलंय त्याने.”

“बाबांना कशाला?”

“लग्नाचं विचारायला. माझ्या पप्पांना पण विचारलं होतं. बघ, त्याचं म्हणणं, पर्मनंट केली की पोरी लग्न करतात, खेळ सोडतात, आणि खुर्ची राहते त्याच्या गळ्यात. तुझे वडील म्हणाले पाहिजेत, पाच वर्षं लग्नाचा विचार नाही. बस. खल्लास.”

मला हसू आलं. लग्नाचा विचार नव्हताच, कारण कोणी घरापर्यंत आलंच नव्हतं. उंची ऐकूनच माणसं परत जायची. आणि ज्या एकदोघांनी पुढे चौकशी केली त्यांना नोकरी टेंपररी म्हटल्यावर रस उरला नाही. म्हणजे साहेब लग्न होईल म्हणून पर्मनंट करत नव्हते, आणि मुलाकडचे पर्मनंट नाही म्हणून लग्न करत नव्हते. दोन्हीकडची माणसं स्वतःला फार व्यवहारी समजत होती.

घरी मी बाबांना बसवून सांगितलं. “साहेब लग्नाचं विचारतील. तुम्ही म्हणायचं, अजून विचार नाही. एवढंच.”

“तेवढा कळता माका,” बाबा म्हणाले.

“स्थळं येतात वगैरे काही बोलायचं नाही.”

“अगो, सांगितलंस ना एकदा?”

केबिनमध्ये बाबांना खुर्ची दिली, मी मागे उभी. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेबांनी आधी माझं कौतुक केलं, आपली पोर म्हणाले, मग खुर्ची मागे टेकवून सहज विचारावं तसं विचारलं, “मग, मुलीचं कुठे बघताय की नाही?”

मुलीच्या बापाला हा प्रश्न कोणी विचारला की एकच उत्तर असतं. कोणी येत नाही असं बाप म्हणत नाही. लग्नात, बारशाला, रस्त्यात, बाबा हा प्रश्न कितीतरी वर्षं ऐकत आले होते आणि तेच उत्तर देत आले होते. त्यांची पाठ ताठ झाली.

“स्थळं भरपूर येतायत साहेब,” बाबा म्हणाले. “चांगली चांगली. आम्हीच थांबलोय.”

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. साहेबांनी ओठ पुढे काढले. “असं. भरपूर येतायत.” मग समोरची फाइल बंद केली. “मग आम्ही तरी कशाला तुमच्या मध्ये येऊ? चांगलं स्थळ बघा, लग्न करून टाका. जागा आपण दुसऱ्या कोणाला देऊ. खेळात मुलींचं असंच असतं, मला माहीत आहे.”

बाबांना आपण काय केलं ते तेव्हा कळलं. ते “तसं नाही साहेब, म्हणजे तसं…” असं म्हणत राहिले. पण आता ‘येत नाहीत’ असं त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं. निघालंच नाही.

मी पुढे झाले. “साहेब, मला एकही स्थळ आलेलं नाही.”

“काय?”

“उंची ऐकून कोणी येत नाही. तीन वर्षांत एकही नाही. बाबा उगाच बोलतात.”

टायपिस्ट बाई दारात उभी होती, तिने खाली बघितलं. साहेब मात्र असे खूश झाले की काय सांगू. पहिल्या दिवशी दोरीखाली उभी राहिले तेव्हाही इतके झाले नव्हते. “अरे, मग आधी सांगायचं ना!” ते म्हणाले. “एकही नाही? बरं झालं. म्हणजे तसं नाही, पण आपल्या दृष्टीने बरं झालं.” त्यांनी फाइल पुन्हा उघडली. बाबांना म्हणाले, “आता पाच वर्षं बघूही नका.” बाबांनी मान हलवली. मी त्या माणसाचा आजवर इतका तिरस्कार कधी केला नव्हता, आणि त्याच माणसाला मी थँक्यू सर म्हटलं, कारण ते म्हणावं लागतं.

बाबा बस स्टॉपपर्यंत माझ्यापुढे चालत गेले. तिथे म्हणाले, “चारचौघांत असा बोलतत?”

“खरं होतं बाबा.”

“खरा काय ता सगळ्यांकच ठावक असता. ता बोलाचा नसता.”

“मग नोकरी गेली असती.”

“ता पण खराच,” बाबा म्हणाले, आणि बस आली.

पर्मनंट झाल्याचे पेढे बाबांनी सगळ्या चाळीत वाटले. साहेबांपुढे काय झालं ते घरात कोणी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. आणि महिन्याभरात स्थळ आलं. मग दुसरं आलं. माझी उंची तेवढीच होती. एखाद्या इंचाचाही फरक पडला नव्हता. मी सांगते, त्या दिवसांत मला माणसांची जेवढी किळस आली तेवढी भिंतीवर बसून हसणाऱ्या पोरांचीही आली नव्हती. ती निदान तोंडावर हसत होती.

दुसरं स्थळ गोरेगावचं. मुलगा सरकारी खात्यात क्लार्क, आई-वडिलांबरोबर आला होता आणि पूर्ण वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होता. या वेळी मी चटईवर बसले नाही, मोरीच्या भिंतीला टेकून उभी राहिले. मुलाच्या आईने मला बघितलं, मग आत्याकडे वळून मोठ्या मनाने म्हणाली, “उंचीचं आम्ही चालवून घेऊ.”

आत्याने हात जोडले. “उपकार होतील.”

“नोकरी चालू ठेवायची, आमची ना नाही,” बाई म्हणाल्या. “पण ते मैदानात चड्डी घालून पळणं, ते तेवढं बंद. लग्नाआधीच.”

“खेळते म्हणून नोकरी आहे,” मी म्हटलं.

“आता पर्मनंट आहेस ना?” बाई हसून म्हणाल्या. “आता कोण काढतंय?”

ज्या गोष्टीची साहेबांना भीती होती तीच ही बाई पोहे खाता खाता सांगत होती. दोघांची कधी भेट झाली नव्हती, पण झाली असती तर त्यांचं छान जमलं असतं.

“मी खेळणं सोडणार नाही,” मी म्हटलं. मी हे हळू बोलले असेन. मला मोठ्याने बोलायची सवय नव्हती. बाई बाबांकडे बघत होत्या. मी पुन्हा म्हटलं, “उंची चालवून घेऊ नका. खेळ सुटणार नाही.”

“मुलं बोलतात,” बाई बाबांना म्हणाल्या. “तुमचं काय ते सांगा.”

बाबांनी खाली बघितलं, वर बघितलं. मला वाटलं आता पुन्हा काहीतरी गोड बोलणार. ते म्हणाले, “साहेबांना शब्द दिलाय आम्ही. पाच वर्षं खेळवायची. साहेबांच्या शब्दाबाहेर जाता येत नाही.”

“असं आहे होय?” मुलाचे वडील इतक्या वेळाने पहिल्यांदा बोलले. “मग प्रश्नच नाही. साहेबांचा शब्द म्हणजे… बरोबर आहे.” बाईंनाही ते लगेच पटलं. अपमान झाल्यासारखं कोणालाच वाटलं नाही. ते चहा पिऊन, पुन्हा भेटू म्हणून गेले. मी दोनदा सांगितलं होतं ते भिंतीला सांगितल्यासारखं. कधीही न बघितलेल्या एका साहेबाचं नाव निघालं आणि माणसं चपला घालून चालू लागली.

आत्या आईला काहीतरी सुनावत होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं, बहुतेक मी काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटत होतं. मला त्यांचे आभार मानायचे होते आणि मानवत नव्हते. मी बुटांची पिशवी खांद्याला लावली. रविवार होता, प्रॅक्टिस नव्हती, पण गेटवरचा वॉचमन आम्हाला आत सोडायचा.

“आता खय?” आईने विचारलं.

“कंपनीत. खेळायला.”

कोणी अडवलं नाही. अडवायचं तर आता आधी साहेबांना विचारावं लागलं असतं.